पुण्याचे सांडपाणी, पंढरीचे स्नान

मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर एकत्र येतात आणि पुढे भीमेला मिळतात. भीमा उजनी धरणातून पंढरपूरला पोचते, तिथल्या वळणामुळे चंद्रभागा म्हणवते आणि शेवटी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. पुण्याचे जे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जाते ते याच प्रवाहात मिसळते आणि आषाढीला वारकरी स्नान करतात तेही इथेच. मग पाप धुणारी नदी स्वतः मलिन होऊ शकते का?

श्रद्धेचे सरळ उत्तर असे की तीर्थाचे पावित्र्य पाण्याच्या गढूळपणावर ठरत नाही. परंतु पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, असा निर्बंध मनुस्मृतीतच आहे. नदी काहीही पचवते असे स्मृतिकारांना वाटत असते, तर या निर्बंधाची गरज पडली नसती. पहिले उत्तर सोयीचे म्हणून टिकले. दुसरे पोथीत राहिले.

मूर्ती नदीत सोडाव्या की हौदात, या गणेशविसर्जनाच्या वादात सोय आणि शास्त्र यांतले हे अंतर नीट दिसते. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागची हलवली की देवाला निरोप दिला गेला. उरते ती माती. ती हौदात विरली तरी विधीत उणे राहत नाही. अडचण प्लास्टर ऑफ पॅरिसची, कारण ते पाण्यात सहज विरघळत नाही. त्यावर पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तोड काढली: बादलीभर पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालून मूर्ती ठेवायची. प्लास्टरचे रूपांतर होऊन तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसते आणि वरच्या पाण्यात खत म्हणून चालणारे अमोनियम सल्फेट उतरते. बादलीतले विसर्जन काहींना अपुरे वाटते. पण तो आक्षेप सवयीचा आहे, शास्त्राचा नव्हे.

मूर्ती वर्षातून एकदा येतात, सांडपाणी रोज. खरा पेच इथे आहे. पापाला कर्ता लागतो आणि प्रायश्चित्त त्यानेच घ्यायचे असते. लाखो घरांच्या मोऱ्यांतून आलेल्या पाण्याचा कर्ता कोण? प्रत्येकाचा वाटा इतका लहान की कुणालाच दोष लागत नाही, आणि जपानच्या कर्जातून शुद्धीकरण केंद्रे उभारणे हा केवळ महापालिकेचा कारभार ठरतो.

सामूहिक संयमाचा नमुना सह्याद्रीत होता. देवराईतले लाकूड तोडायचे नाही, हा नियम साऱ्या गावावर असे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७०च्या दशकात अशा राया अभ्यासल्या. राईतली झाडी आणि पालापाचोळा पावसाचे पाणी मुरवतात, झरे टिकवतात. पण तिथे नियम मोडणारा आणि झळ सोसणारा एकाच गावचा. पुण्याच्या घाणीची झळ लागते ती उजनीकाठच्या गावांना.

कर्ता सापडत नसेल, तर नदीलाच कायद्याने व्यक्ती मानावे, हा एक मार्ग सुचवला जातो. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७मध्ये गंगा-यमुनेला तसा दर्जा दिला. मग पुराच्या नुकसानीची भरपाई नदीच्या वतीने कोण देणार, असा प्रश्न राज्य सरकारने उभा केला आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.