गुरुवारी सुट्टी असलेला प्रेक्षक

पुण्यातल्या एका परिसंवादात एका माध्यमनियोजक गृहस्थांनी भोसरीचा निकाल तीन वाक्यांत लावून टाकला. तिकडचा प्रेक्षक सी-डी वर्गातला. त्याला विनोद द्या, देवाधर्माचं द्या, शनिवार-रविवारी द्या. विचारबिचार त्याच्यापुढे वाया जातात. टाळ्याही पडल्या. गृहस्थ वयाने लहान, पगाराने मोठे. भोसरी त्यांनी नाशिक रस्त्याच्या उड्डाणपुलावरून पाहिली असावी.

खाली उतरले असते तर कळलं असतं, की भोसरी एमआयडीसीतल्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. रविवारी रात्री वाहिनीवर 'महाएपिसोड' लागतो, तेव्हा सेकंड शिफ्टवाला मशीनपुढे उभा असतो. प्रेक्षकाची सुट्टी कुठल्या वारी असते हे ज्याला ठाऊक नाही, तो त्याची आवड सांगतोय!

आता हे सी-डी येतात कुठून? ऐंशीच्या दशकात बाजार-संशोधनवाल्यांनी कुटुंबांची वर्गवारी केली ती कर्त्या माणसाचं शिक्षण आणि व्यवसाय बघून. 2011 मध्ये तीत बदल झाला. शिक्षण राहिलं, व्यवसाय गेला आणि त्याच्या जागी 11 वस्तूंची यादी आली: वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, फ्रिज अशी करत मोटार, एसी आणि शेतजमिनीपर्यंत. त्यातून ए-1 ते ई-3 असे 12 खाने पडले. म्हणजे कामगाराचं काम काढलं आणि तिथे त्याचा फ्रिज ठेवला. भोसरीत माणसाची ओळखच 'सीएनसीवर आहे', 'क्वालिटीला आहे', 'ठेकेदाराकडे आहे' अशी होते. तेवढंच नेमकं वगळलं. अलीकडे नव्या वर्गवारीत व्यवसाय परत आणलाय, म्हणजे चूक त्यांनाही जाणवली असणार.

भोसरीच्याच लांडेवाडीतली एखादी खोली घ्या. लातूर-बीड-नांदेडची पाच पोरं, दोन शिफ्टची, त्यामुळे गाद्या तीनच. कर्ता माणूस कोण? पाचही. पंखा आहे, गॅस आहे, दुचाकी एकाची. जमीन आहे, पण गावाकडे, बापाच्या नावावर. टीव्ही नाही, मग प्रेक्षक मोजणारं मीटर कुठलं? ते टीव्ही असलेल्या घरातच बसतं आणि त्याच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण असतं. या पाच जणांच्या नावाचं बटण कुठेच नाही. प्रत्येकाच्या हातात फोन मात्र आहे.

त्या फोनवर काय चालतं? बऱ्याचदा बैलगाडा. 2014 ला बंद पडलेली शर्यत डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून शर्यतीच्या घाटाघाटांतून यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असतं. समालोचकाची 'भिर्रर्र' आरोळी उठली, की वर्कशॉपचा मालक आणि त्याचा हेल्पर एकाच फोनवर डोकं घालतात. एक ए-1, दुसरा डी. बैल कुणाचा आणि गाडा किती सेकंदांत आला, यावर दोघांचा वाद बरोबरीने चालतो. आता यांना कुठल्या खान्यात टाकणार?

इथवर लिहून 'वर्गवारी मुर्दाबाद' म्हणून थांबलो असतो, तर अर्ध्या दिवाळी अंकांनी लेख आनंदाने छापला असता. पण शं. वा. किर्लोस्कर आडवे येतात. भोसरीसारखीच कारखान्याची वसाहत, किर्लोस्करवाडी. मूळचा चित्रकार असलेला हा माणूस तिथे लोखंडी नांगरांच्या जाहिराती करत होता. 1920 मध्ये त्याने 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते कारखान्याचं वार्तापत्र म्हणून. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं. 1930 मध्ये बायकांसाठी 'स्त्री', 1934 मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'. ही चक्क वर्गवारीच! तीही जाहिरातीच्या माणसाने केलेली, धंद्याचं भान ठेवून. भाबडेपणाचा आरोप शंवांवर त्यांच्या शत्रूनेही केला नसता.

फरक इतकाच, की 1930 सालची मराठी बाई काय वाचते हे मोजून त्यांनी मासिक काढलं नाही. मोजलं असतं तर व्रतवैकल्यं आणि पाककृती एवढंच हाती लागलं असतं. आधी मासिक काढलं. त्यातून वाचणारी, पत्रं पाठवणारी, मग स्वतः लिहिणारी बाई उभी राहिली. पुढे याच 'स्त्री'च्या संपादक झालेल्या विद्या बाळ तिथून बाहेर पडल्या आणि 1989 मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' काढलं. शंवांनी केलेला खाना वाचकाच्या पुढे चार पावलं होता. आमच्या नियोजक गृहस्थांचा खाना वाचकाच्या कालच्या खरेदीपाशी थांबतो.

तेव्हा माझं भांडण खान्यांशी नाही. उलट, लांडेवाडीतल्या त्या खोलीसाठी एक खाना हवाच, असं मी म्हणेन. भीती एवढीच, की तो झाला की पहिली जाहिरात झटपट कर्जाच्या ॲपची येईल. तरीही हवा. न मोजलेल्या माणसासाठी कुणी काही बनवत नाही, एवढं आपण पाहतोच आहोत.

एखाद्या वाहिनीने थर्ड शिफ्टवरून सुटणाऱ्यांसाठी गुरुवारी सकाळी अर्धा तास काढावा: ठेकेदारीचा कायदा, पीएफची भानगड, गावाकडच्या सातबाऱ्याचं काय झालं, आणि हो, घाटातले निकाल. जाहिरात कोण देणार, हे परिसंवादातल्या गृहस्थांनी शोधावं. पगार त्याचाच घेतात ना!