परळ कुणाला जवळ?

सरकार आरोग्यसेवा डोक्यांवर मोजतं. सपाटीला तीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ भागात वीस हजारांमागे. एसटी दिवसातून किती वेळा येते आणि पावसाळ्यात पऱ्ह्यापलीकडची वाडी तुटते की नाही, हे त्या हिशेबात येत नाही. म्हणून कोकणातला माणूस मोठं दुखणं निघालं की तालुक्याला न थांबता थेट परळ गाठतो. तिथे १९२६ पासून केईएम आहे, १९४१ पासून टाटा. आणि चालत जाण्याच्या अंतरावर, लालबागला, गावची खोली आहे.

ही खोली चाळीतली, गिरणीतल्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून धरलेली. भिंतीभर खुंट्या, एकेका खुंटीखाली एकेकाची पत्र्याची पेटी आणि वळकटी. रातपाळीचा आला की दिवसपाळीच्याने मोकळ्या केलेल्या जागेत आडवा व्हायचा. गावच्या विहिरीची, शाळेच्या कौलांची वर्गणी इथेच ठरायची, पुष्कळदा ग्रामपंचायतीच्या आधी. (गोडवे गाताना आवरतं घ्यावं: गावकीबाहेरच्याला तिथे खुंटी नव्हती आणि बाईमाणसाला तर नाहीच.) १९८२च्या संपानंतर गिरण्या आटत गेल्या, तशा खुंट्याही रिकाम्या झाल्या. आता तिथे पेशंटचे नातलग उतरतात. केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, रक्तासाठी कुणाला गाठायचं, हे सांगणारं कुणीतरी खोलीत असतं. गावाला परळ जवळ वाटतं ते या माणसामुळे.

मराठवाड्यातून आलेल्याला अशी खोली सहसा नसते. डॉक्टर तेच, औषध तेच. पण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली नाही, तर टाटासमोरचा फुटपाथ. स्टोव्ह, बादली, एक्स-रेचं पाकीट, वर प्लास्टिकचा कागद. दोन तपासण्यांमधले दिवस कुठे काढायचे, याला आपण आरोग्यसेवेत धरतच नाही. ती ज्याची त्याची सोय.

आता चाळी पाडून टॉवर उठताहेत. खोलीच्या बदल्यात फ्लॅट मिळतो, पण मेंटेनन्स गावकीला झेपेलच असं नाही आणि दर आठवड्याला नवी माणसं आली की सोसायटीच्या कपाळाला आठ्या. त्यापेक्षा फ्लॅट भाड्याने लावून पैसे गावी पाठवू, असं कुणी म्हटलं तर हिशेब चोखच आहे. फक्त टाटाची तारीख घेऊन रात्री उतरणाऱ्याने जायचं कुठे, तेही त्याच ठरावात लिहून ठेवावं.