आपलें जोतें आणि शेजाऱ्याचें अंगण

सन 2019 च्या ऑगस्टांत कृष्णा व पंचगंगा ह्या नद्यांचें पाणी काठच्या गांवांत शिरलें व पुष्कळांचीं मातीचीं घरें बसलीं. 2021 च्या जुलैंत पुन्हां तेंच झालें. तेव्हांपासून ज्यांस ऐपत आहे ते नवें घर बांधतांना मुरूम भरून जोतें उंच घेतात. देवावर भरंवसा असता तर ही खटपट कशाला, असें म्हणणारेहि आढळतात. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, नोहानें तारूं कोरड्या जमिनीवर बांधिलें, तें अविश्वासानें नव्हे.

परंतु एका बंधूनें आम्हांस विचारलेला प्रश्न इतका सोपा नाहीं. "पाळकसाहेब, माझें जोतें चार फूट उंच झाल्यापासून पावसाचें पाणी शेजारच्या म्हातारीच्या अंगणांत तुंबतें. तिच्या भिंतीला ओल चढली. मीं पाप केलें काय?"

येथें अमेरिकेंतील गॅल्व्हेस्टन शहराची हकीगत सांगण्याजोगी आहे. तें समुद्रांतील एका वाळूच्या बेटावर वसलें आहे (वाळूवरील घराचा दाखला वाचकांस आठवेलच). 8 सप्टेंबर 1900 रोजीं तुफानानें समुद्र शहरांत आला व निदान सहा हजार माणसें मेलीं. मग लोकांनीं सतरा फूट उंचीची भिंत बांधिली, आणि 1903 पासून कित्येक वर्षें शहराची जमीनच उंच करण्याचें काम चाललें. दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून उचलल्या आणि त्यांखालीं पाण्यांत कालविलेली वाळू नळांतून सोडली. तोंवर लोक फळ्यांच्या उंच पुलांवरून ये-जा करीत. 1915 सालीं तसेंच मोठें तुफान आलें, तेव्हां शहरांत फारच थोडे दगावले.

त्यांनीं एकेक जोतें नव्हे, तर सर्वांची जमीन मिळून उचलली, हें आम्हांस मोठें वाटतें. तथापि तेथेंहि वाळूचा खर्च सरकारी आणि घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याचा, असा नियम होता. म्हणजे म्हातारीचा प्रश्न तेथेंहि पुरता सुटला नाहीं.

अनुवादाच्या 22 व्या अध्यायांत नव्या घराच्या धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे. तो कठडा घर टिकावें म्हणून नव्हे, तर त्या घरावरून दुसरा कोणी पडून मरूं नये म्हणून. आपलें घर दुसऱ्याचें काय करितें, ह्याचा जाब बांधणाऱ्याकडे मागितला आहे. भराव घातला कीं पूर्वीं तेथें पसरणारें पाणी कोठें तरी जाणारच. खांबांवर घर उचललें तर तें खालून निघून जातें, भरावानें मात्र तें शेजारीं वळतें. हें ठाऊक असून गप्प बसणें आम्ही निर्दोष मानीत नाहीं. जोतें बांधणें पाप नव्हे, पण वाट बुजविणें व ती पुन्हां न उघडणें हें पाप होय, असें आम्हीं त्या बंधूस स्पष्ट सांगितलें. महापूर आला तर चरानें कांहीं होत नाहीं. त्या वेळीं म्हातारीला व तिच्या धान्याला त्याच्याच माळ्यावर जागा हवी, हेंहि सांगितलें.

त्यानें भरावाखालून सिमेंटचे दोन नळ घातले आणि म्हातारीच्या अंगणापासून ओढ्यापर्यंत चर खणला. चर त्याच्याच परसांतून न्यावा लागला व त्यांत शेवग्याचें झाड गेलें. शेंगांविषयीं त्याची बायको अजून कुरकुरते.