उतारावरचा यात्रेकरू



येत्या २५ जुलै रोजी आपण प्रेषित संत याकोब ह्यांचा सण साजरा करीत आहोत. बारा प्रेषितांमध्ये सर्वांत आधी रक्तसाक्षी झाले ते हेच. (२०२० साली आपल्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही २०२४ साली ह्याच तारखेला प्रभूकडे गेले. त्या दिवशीच्या मिस्सामध्ये त्यांचीही आठवण करू या.)

संत याकोबाची कबर स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे असल्याचे परंपरा सांगते. मध्ययुगापासून भाविक तेथे चालत जातात. फ्रान्सच्या सीमेवरून निघणारी त्यांची प्रसिद्ध वाट सुमारे ७८० किलोमीटरची आहे. आधी पिरेनीज पर्वत, मग आपल्यासारखाच उघडा माळ, मग पुन्हा डोंगर. मध्यंतरी ही वाट जवळजवळ विसरली गेली होती. ओ सेब्रेइरो ह्या डोंगरमाथ्यावरच्या लहानशा गावचे धर्मगुरू फादर एलियास वालिन्या ह्यांनी १९८४ साली पिवळ्या रंगाचा डबा हाती घेतला आणि वाटेवर जागोजागी बाण रंगवायला सुरुवात केली. आज त्या बाणांमागून माणसे चालतात. २०२४ ह्या एका वर्षात सुमारे पाच लाख यात्रेकरूंना यात्रा पूर्ण केल्याचे पत्र मिळाले. त्यांत बहुतेक पायी आलेले, तर थोडे सायकलवर आलेले होते.

आता कोणी विचारील, सायकलवरून केलेली यात्रा ही यात्रा का? कोजागिरीला सोलापूरकडून तुळजापूरला चालत जाणारे हजारो लोक आपण जाणतो. यात्रा म्हणजे पायांची, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. सांतियागोच्या कॅथेड्रलने ह्याचे उत्तर आकड्यांत दिले आहे. पायी येणाऱ्याने निदान १०० किलोमीटर यावे, सायकलने येणाऱ्याने निदान २०० किलोमीटर, आणि वाटेतल्या मुक्कामांचे शिक्के दाखवावेत. शिवाय पुष्कळ धर्मशाळांत पायी आलेल्यांना आधी जागा देतात. सायकलवाल्याने संध्याकाळपर्यंत थांबायचे, उरली तर खाट घ्यायची. आम्हाला हा नियम रास्त वाटतो.

चढावर तसा दोघांत फरक नसतो. खडा चढ आला की सायकलवाला खाली उतरतो आणि सायकल ढकलू लागतो. शेजारून चालणाऱ्याशी दोन शब्द बोलतो, पाणी मागतो, पाणी देतो. खरा फरक पडतो तो उतारावर. ह्या वाटेवर सुमारे १,५०० मीटर उंचीवर एका लाकडी खांबावर लोखंडी क्रूस उभा आहे. घरून आणलेला एक दगड यात्रेकरू त्याच्या पायाशी ठेवतात. मनावरचे ओझे तिथे उतरवायचे. तिथून मोलिनासेका गावापर्यंत वीसएक किलोमीटरमध्ये वाट सुमारे ९०० मीटर खाली येते. ह्याच उतारावर, एल असेबो गावाच्या टोकाला, एका सायकलस्वार यात्रेकरूचे स्मारक आहे. तो चढावर नव्हे, येथे उतारावर गेला. ओझे उतरलेले, वारा पाठीशी, मुक्काम जवळ. अशा वेळी ब्रेक दाबायला हात जड होतो.

बंधू-भगिनींनो, संत याकोब ताबोर पर्वतावर प्रभूसोबत होते. पेत्राला तिथेच तंबू ठोकून राहावेसे वाटले. पण प्रभूने तिघांना खाली आणले, आणि डोंगराच्या पायथ्याशी त्यांना कोण भेटले? आपल्या आजारी मुलासाठी रडकुंडीला आलेला बाप. दर्शन वर होते, पण काम खाली वाट पाहत होते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला ह्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, तर यरिहो समुद्रसपाटीच्याही खाली. म्हणजे वाट सगळी उताराची, हजार मीटरची. लुटला गेलेला माणूस ती वाट उतरत होता. संत लूक स्पष्ट सांगतात की याजकही खालीच उतरत होता. बहुधा मंदिरातली सेवा आटोपून घराकडे निघालेला असावा. त्याची यात्रा झाली होती, दगड ठेवून झाला होता. तो थांबला नाही. आणि थांबला तो कोण? ज्याच्याजवळ जनावर होते तो! तिघांत वाहन असल्याचे सांगितले आहे ते एकट्या शोमरोन्याजवळ. तो त्यावरून उतरला, जखमी माणसाला त्यावर बसवले, आणि पुढची वाट बहुधा पायीच चालला असेल. म्हणून आम्हाला वाटते की यात्रा पायांची का चाकांची, हा प्रश्न लहान आहे. उतारावर कोणासाठी उतरलो, हा मोठा.

आपल्या माकणी-सास्तूर भागाला हे परक्या देशातून शिकायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जमीन हलली आणि काही क्षणांत हजारो माणसे गेली. तेव्हा किती अनोळखी माणसे आपली वाट सोडून इथे थांबली! पत्र्याच्या शेडमध्ये जातपात, धर्म न विचारता लोक एका चुलीवर जेवले. तो चढ होता. पुढे नवी गावे वसली. घरे पक्की झाली, रस्ते सरळ आणि रुंद झाले, पण अंगणाला लागलेले अंगण राहिले नाही. शेजाऱ्याचे कण्हणे पूर्वी भिंतीतून ऐकू येई, आता ऐकू येत नाही. आज आपल्या गल्लीत कोण आजारी आहे, कोणाच्या घरी म्हातारी माणसे एकटी आहेत, हे मिस्साहून घरी जाताना वाहन थांबवून विचारल्याशिवाय कळत नाही. तेवढे थांबणे आपल्याला जमते का?

३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या सणासाठी बेळगावकडून, सिंधुदुर्गातून भाविक पायी जुन्या गोव्याला जातात. आपल्या तरुणांपैकी कोणाला ही वाट सायकलने करावीशी वाटली तर आमचा आशीर्वादच आहे. मात्र आपण पठारावरची माणसे. आपल्याला गोवा म्हणजे शेवटी घाट उतरणे, मग तो आंबोली असो वा चोर्ला. ब्रेक सतत दाबून धरू नयेत, रिम तापून ट्यूब फुटते. थोडे दाबावे, थोडे सोडावे. आणि सर्वांत दमदार सायकलस्वाराला पुढे सोडू नये, त्याला सर्वांत मागे ठेवावे. पंपही त्याच्याकडेच असू द्यावा.