टाकलेल्या वस्तूचा धनी

मनुष्य एखादी वस्तू विकत घेतो तेव्हा तिच्यावरील आपला हक्क सांगण्यास तो सहसा चुकत नाही; परंतु तीच वस्तू निरुपयोगी ठरली की तिच्याशी आपला कधी काही संबंध होता, हेही त्याला आठवेनासे होते. खरेदीची पावती आपण दप्तरात जपून ठेवतो, टाकलेल्या वस्तूची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही. उपभोग आपला आणि त्याचा मळ कोणाचाच नाही, ही विलक्षण वाटणी आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की तिच्यात काही गैर असावे अशी शंकादेखील मनाला शिवत नाही. त्या वाटणीतील अन्याय मोटारीच्या इंजिनातून बदलल्या जाणाऱ्या तेलात जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी उभी राहते. इंजिन थोडा वेळ चालविलेले असल्यामुळे तेल कोमट व पातळ झालेले असते. मेकॅनिक खाली उतरून चेंबरच्या नटाला पाना लावतो, शेवटचे आटे बोटांनी फिरवतो आणि हात चटकन मागे घेतो. तोच काळी धार खालच्या पसरट ट्रेमध्ये कोसळते आणि मग बारीक होत होत थेंबांवर येते. ओतले तेव्हा पिवळसर, पारदर्शक असलेले हे तेल वर्षभरात किंवा सुमारे 10,000 किलोमीटरच्या प्रवासात या रूपास पोहोचलेले असते. लहान मोटारीतून ते तीन-साडेतीन लिटर निघते, दुचाकीतून एक लिटरच्या आसपास. या वेळी मालकाचे लक्ष नव्या डब्याचे सील आपल्यासमोर फुटते की नाही याकडे असते. डिपस्टिक पुसून, पुन्हा बुडवून, पातळी बरोबर आहे याची तो खातरजमा करून घेतो. ट्रेमधील द्रवाचे पुढे काय होणार, एवढीच एक गोष्ट त्याच्या चौकशीतून सुटते.

त्या द्रवात काय असते, हे जाणून घेतल्यावाचून या विस्मरणाचे गांभीर्य ध्यानात यायचे नाही. इंजिनाच्या घर्षणातून झिजलेल्या लोखंडाचे, तांब्याचे, ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण त्यात मिसळलेले असतात. अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी असते. आणि बेंझोपायरीनसारखी, कर्करोगास कारण होणारी म्हणून शास्त्रज्ञांनी निश्चित केलेली संयुगेही असतात. जमिनीवर ते सांडले की मातीच्या कणांना चिकटते आणि तिच्यातील हवेचा व पाण्याचा संचार रोखते. पाण्यावर त्याचा तवंग पसरला की खालच्या जीवसृष्टीला प्राणवायू मिळेनासा होतो. एका गाडीतून एका वेळी निघालेले तेल सुमारे 38 लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याचे सांगणे आहे. एका माणसाच्या क्षणभराच्या बेफिकिरीचे क्षेत्र इतके विस्तीर्ण असू शकते.

आपल्या शहरांत या तेलाला दोन वाटा फुटतात. पहिली गटाराची. पावसाळी गटारांतील पाणी शुद्धीकरण केंद्राकडे न जाता तसेच नाल्यात, नदीत वा खाडीत उतरते, ही गोष्ट गटारात तेल ओतणाऱ्याच्या गावीही नसते. मुंबईत कुर्ल्याच्या परिसरात मिठी नदीच्या आसपास गॅरेजे, भंगाराची गोदामे आणि तेलाची पिंपे धुणारे व्यवसाय दाटीने उभे राहिले. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावर जन्मलेली ही नदी माहीमच्या खाडीला मिळेपर्यंत इतकी काळवंडली की 2005 सालच्या महापुरापूर्वी ती नदी आहे हेच पुष्कळ मुंबईकरांच्या लेखी नव्हते.

दुसरी वाट अधिक विचार करावयास लावणारी आहे, कारण ती सद्गुणाच्या वेषात येते. हे ‘जळके ऑइल’ सेंट्रिंगच्या फळ्यांना व पत्र्यांना लावले जाते, वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासले जाते, भट्टीत सरपणाबरोबर पेटविले जाते; आणि काही वाया गेले नाही म्हणून आपण समाधान मानतो. काटकसर हा आपल्या समाजाचा जुना आणि आदरणीय संस्कार आहे. परंतु जिच्यामुळे माझी चार नाणी वाचतात आणि शेजाऱ्याच्या विहिरीला किंवा भट्टीवरील मजुराच्या फुप्फुसाला त्यांची भरपाई करावी लागते, ती काटकसर नव्हे; ते दुसऱ्याच्या खात्यावर बिनदिक्कत टाकलेले कर्ज होय.

खऱ्या काटकसरीची तजवीज तर विज्ञानाने केव्हाच करून ठेवली आहे. इंजिनातले तेल मळते, त्यात मिसळलेली रसायने आपले बळ गमावतात, परंतु मूळ तेलाचा अंश बहुतांशी शाबूत राहतो. निर्वात ऊर्ध्वपातनासारख्या प्रक्रियांनी त्यातील मळ वेगळा केला की पुन्हा वंगणायोग्य तेल हाती येते. पावणेचार लिटर वापरलेल्या तेलातून असे सुमारे 2.4 लिटर वंगण मिळते. तेवढेच वंगण कच्च्या खनिज तेलातून काढावयाचे तर सुमारे 159 लिटरचे अख्खे पिंप खर्ची पडते. जे तेल आपण गटारात सोडतो ते पुनर्जन्माला पात्र असते, या जाणिवेने तरी हात आवरला पाहिजे.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, अशी तक्रार करण्यास जागा नाही. घातक कचऱ्यासंबंधीचे 2016 चे नियम वापरलेल्या तेलाची दखल घेतात, आणि 1 एप्रिल 2024 पासून या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेलाचे उत्पादक व आयातदार यांच्यावरही टाकण्यात आली आहे. परंतु कायद्याचा अंमल कारखान्याच्या फाटकापर्यंत जितका सहज पोहोचतो तितका गल्लीतल्या गॅरेजच्या ट्रेपर्यंत पोहोचत नाही. तेथे शिपाई उभा करता येत नाही. तेथे गाडीचा मालक उभा असतो.

कोणी म्हणेल, गॅरेजवाला गरीब आहे, जळके ऑइल विकून त्याला चार पैसे मिळतात, ते त्याच्या तोंडून का काढावे? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याला दिवसभर त्याच तेलात हात बुडवून बसणाऱ्या मेकॅनिकच्या बाजूने उत्तर दिले पाहिजे. तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे गेले तरी त्याला मोल मिळतेच. आणि त्यात काही तूट येत असेल तर ती ज्याने वर्षभर गाडी पळविली त्याने सोसावी, ज्याने खड्ड्यात उतरून नट फिरविला त्याने नव्हे.

जे घरीच तेल बदलतात त्यांच्यावर हे कर्तव्य थेटच येऊन पडते. गाडी जॅकवर चढवून खाली भक्कम स्टँड द्यावा, हातमोजे घालावे. निघालेले तेल स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे आणि त्यात पेट्रोल, कूलंट वा ब्रेक ऑइल मिसळू देऊ नये, कारण अशा भेसळीने ते पुनर्प्रक्रियेस निकामी होते. जुना फिल्टर भोक पाडून रात्रभर उपडा ठेवावा, सांडलेले तेल पाण्याने न धुता कोरड्या भुशाने टिपावे, तो भुसाही वेगळा बांधून ठेवावा. नव्या तेलाचा रिकामा डबा भेसळखोराच्या हाती पडू नये म्हणून छिद्र पाडूनच भंगारात द्यावा. मग भरलेला डबा जुने तेल रीतसर गोळा करणाऱ्या सेवा केंद्राकडे पोहोचवावा. फिल्टर निथळण्याचा वेळ सोडला तर हे सारे मिळून तासाभराचे काम आहे.

एखाद्या वस्तूचे धनीपण तिच्या उपयोगाबरोबर संपत नाही. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडेपर्यंत, निदान कोणास अपाय करणार नाही अशा स्थळी जाईपर्यंत, ते आपल्याकडेच राहते. पुढच्या वेळी गाडी खड्ड्यावर लागेल तेव्हा नव्या तेलाचा भाव विचारण्याआधी, जुने तेल कोणाकडे जाते, हे आपण विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरे गॅरेज शोधावे, आणि समाधानकारक असेल तर त्यासाठी दोन पैसे अधिक मोजताना कुरकुर करू नये.