प्रतिसृष्टीचा अधिकार

१९३१ च्या सप्टेंबरातील एका रात्री, ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजातील अ‍ॅडिसन्स वॉक या झाडीतल्या वाटेवर, टोल्किन, ह्यूगो डायसन आणि सी. एस. लुईस हे तिघे स्नेही पुराणकथांत सत्य असू शकते काय या प्रश्नाचा खल करीत हिंडले. मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेप्रमाणे घडला असल्यामुळे कल्पित जग रचण्याची त्याची ओढ हा गुन्हा नसून वारसाहक्क होय, अशी श्रद्धावान कॅथलिक टोल्किनांची धारणा होती. विश्वामित्राची प्रतिसृष्टी ऐकत वाढलेल्या आम्हांस हे सहजी पटत नाही. तेथे निर्मितीच्या मुळाशी ईर्ष्या आहे, आणि अखेर देवांशी तडजोडच करावी लागली.

हा धोका टोल्किनांनाही दिसत होताच. त्यांच्या कल्पित पुराणात आउले नावाची देवतुल्य शक्ती परमेश्वराच्या परवानगीवाचून खुजे लोक घडविते. जाब विचारला जाताच आउले पश्चात्तापाने हातोडा उगारतो, आणि ते खुजे भयाने अंग चोरतात. निर्जीव बाहुली घावाला भीत नाही. म्हणजे परमेश्वराने त्यांना प्राण आधीच बहाल केलेला असतो! मला मात्र या कृपेहून आउलेची कैफियत मोलाची वाटते: त्याला सत्ता नको होती, ज्यांच्यावर प्रेम करावे आणि ज्यांना शिकवावे असे कोणीतरी हवे होते. विश्वामित्राच्या दरखास्तीत असे काही नमूद नाही.