न पाहता दिलेला निकाल

मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘बॉम्बे रोज’ हा चित्रपट काढला. सुमारे साठ चित्रकारांनी दीड वर्ष खपून त्याची एकेक चौकट हाताने रंगवली. बालविवाहातून पळून मुंबईला आलेली फुलवाली कमला, काश्मीरचा अनाथ सलीम, जुन्या आठवणींत रमलेल्या वृद्ध शर्लीबाई, आणि दुबईला नोकरी लावतो म्हणणारा दलाल. (या शेवटच्या गृहस्थाला आखातात नोकरी केलेल्या बायका चटकन ओळखतील.) २०१९ साली व्हेनिसचा समीक्षक सप्ताह याच चित्रपटाने सुरू झाला. २०२१ च्या ऑस्करसाठी पात्र ठरलेल्या २७ कार्टूनपटांत तो होता. नामांकन मिळालेल्या पाचांत नव्हता. पारितोषिक ‘सोल’ला गेले. तो वाईट आहे असे माझे म्हणणे नाही.

मग अन्याय झाला म्हणावे काय? पारितोषिक हा कोणाचा हक्क नव्हे, हे खरेच. पण जो निकाल देणार त्याने आधी नीट पाहावे, एवढा हक्क प्रत्येकाचा आहे. मोशेने न्यायाधीशांना बजावले ते हेच, की लहानाचे थोरासारखेच ऐकून घ्यावे. कोणाच्या बाजूने निकाल द्या, असे त्याने सांगितले नाही. वॉर्डात राउंड घेताना कोपऱ्यातली खाट राहून गेली, तर सिस्टरच्या मनात त्या रोग्याविषयी काही वाईट असते असे नाही. पण रोगी राहिला तो राहिलाच. मनात पाप नसले की अन्याय होत नाही, हे मला कधी पटले नाही.

नामांकनासाठी मत देणाऱ्यांवर यादीतले सर्वच चित्रपट पाहण्याचे बंधन नव्हते. त्यातून ‘बॉम्बे रोज’ नेटफ्लिक्सवर घरोघरी दिसू लागला तो मार्च २०२१ मध्ये, आणि नामांकने त्याच महिन्याच्या १५ तारखेला जाहीर झाली. त्याच कंपनीचा ‘ओव्हर द मून’ मात्र पाचांत होता.

येथे अल-खोबरला चित्रपटगृहे नव्हती तेव्हा लोक पंचवीस किलोमीटरचा समुद्रावरचा पूल ओलांडून बहारीनला चित्रपट पाहायला जात. सौदीत २०१८ साली चित्रपटगृहे पुन्हा उघडेपर्यंत हे चालले. अकादमीच्या सभासदांना तर चित्रपट घरबसल्या पाहता येतात!

आपल्या डेव्हिड अब्राहम यांना ‘बूट पॉलिश’मधल्या जॉनचाचाबद्दल फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. काम तसेच होते. तरी त्या चित्रपटामागे राज कपूर यांचे नाव होते, हेही विसरू नये. तोच जॉनचाचा एखाद्या अनोळखी निर्मात्याच्या चित्रपटात असता तर?

एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने नियम केला, की ज्या विभागात अंतिम मत द्यायचे त्यातले नामांकन मिळालेले सर्व चित्रपट पाहिलेले असलेच पाहिजेत. चांगला नियम आहे. इतक्या वर्षांनी का सुचला, ते त्यांनाच ठाऊक. पण तो शेवटच्या पाचांपुरता. ‘बॉम्बे रोज’ त्याच्या आधीच्या फेरीत राहिला, आणि तेथे आजही सगळी यादी पाहण्याची सक्ती नाही.